शून्याची जागा

(प्रभागसंघाच्या सभेत एका गटाच्या लेखिकेने मुलांच्या गणिताविषयी केलेले भाषण)



मी काही शिक्षिका नाही. दहावीपर्यंत शिकले आणि गटाचं दप्तर लिहिते. पण मुलांच्या गणिताबद्दल बोलायच्या आधी माझीच चूक सांगते.

गेल्या वर्षी एका ताईंनी दोन हजार पन्नास रुपये हप्ता भरला. मी गडबडीत वहीत २,५०० लिहिले. बैठकीत पैसे मोजले, तर ४५० रुपये कमी! सगळ्या जणी पेटी सांभाळणाऱ्या ताईंकडे बघायला लागल्या. तोंडाने कोणी बोललं नाही, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नको ही पेटी," म्हणाल्या. शेवटी एकेकीचं पासबुक वहीशी ताडून पाहिलं, तेव्हा चूक सापडली. पैसे कुठंच गेले नव्हते, माझंच शून्य चुकीच्या जागी बसलं होतं. मी सगळ्यांसमोर माफी मागितली.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीने 'दोन हजार पाच' ही संख्या २०००५ अशी लिहिली. आधी मी एक धपाटा घातला असता. आता कळलं, पोरगी जे ऐकते तेच लिहिते. दोन हजार, म्हणून २०००, आणि पुढे पाच.

मग आम्ही अंगणात खडूने चार घरं आखली. उजवीकडून एकक, दशक, शतक, हजार. चिंचोके घेतले. एककाच्या घरात दहा चिंचोके झाले की ते उचलायचे आणि शेजारच्या दशकाच्या घरात एकच ठेवायचा. दशकात दहा झाले की शतकात एक. दोन हजार पाच म्हणजे हजाराच्या घरात दोन, एककाच्या घरात पाच. मधली दोन घरं रिकामी, तिथे शून्य. म्हणून २,००५. शून्य म्हणजे काहीच नाही, असं मुलांना सांगू नका. घर रिकामं असलं तरी घर आहे, हे सांगा.

आपल्या मराठीत आणखी एक अडचण आहे. 'एकोणतीस' ऐकलं की मूल तीस ऐकतं आणि ३९ लिहितं. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे समजावून सांगा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा लोक खूप हसले. पण एकवीसमध्ये वीस आणि एक आहेत हे मुलाला त्यातून दिसतं. ते दिसलं की एकवीस, बावीस पाठ करणं सोपं जातं.

आता अंदाजाचं. बाजाराला जाताना मुलाला सोबत न्या. तेल १८० चं, साखर ९५ ची, डाळ २२० ची. जवळच्या शंभराला आणायचं: २००, १०० आणि २००. म्हणजे साधारण ५०० ची नोट लागेल. खरी बेरीज ४९५. मोठ्या आकड्यालाही हीच रीत. हजारात सांगायचं तर शतकाच्या घरात बघा. तिथे पाच किंवा जास्त असेल तर पुढचा हजार, कमी असेल तर मागचा. १८,६४० म्हणजे साधारण १९ हजार, १८,३४० म्हणजे साधारण १८ हजार.

पण बायांनो, अंदाज डोक्यात ठेवायचा, वहीत नाही! वहीत रुपयान् रुपया खरा लिहायचा. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशोबाच्या नोंदींचंच आहे.

हे आपल्यालाही लागतं. बँकेच्या कागदावर १,०५,००० आणि १,५०,००० घाईत सारखेच वाटतात. फरक ४५ हजारांचा! म्हणून सहीच्या आधी उजवीकडून बोट ठेवून घरं मोजा: एकक, दशक, शतक, हजार, दशहजार, लाख. स्वल्पविराम आधी तीन अंकांनंतर, मग दोन-दोन अंकांनंतर. आणि आकडा मोठ्याने वाचा.

आता आमच्या बैठकीत मी प्रत्येक रक्कम लिहून झाली की मोठ्याने वाचते आणि जिची रक्कम ती 'बरोबर' म्हणते. पेटी अजून त्याच ताईंकडे आहे.

आज घरी गेल्यावर पोरांना विचारा, 'तीन हजार सात' कसं लिहाल? चुकलं तर रागावू नका. चिंचोके काढा.