थरथरत्या हातानं रंगवलेला पेरू

मी झाशीहून बोलतोय, खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरातून. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर इथे आले. त्यांच्या आणि पुढे नेवाळकरांच्या काळात अनेक मराठी कुटुंबं झाशीत स्थायिक झाली, त्यांतलंच आमचं एक. बाहेर गल्लीत अमरूद आणि शरीफा, उंबऱ्याच्या आत मात्र पेरू आणि सीताफळ. आज हीच दोन फळं आणि पेरूची चार पानं जलरंगात कशी रंगवायची, ते सांगतो.

आधी एक कबुली देतो. माझा उजवा हात थरथरतो. लष्करातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी हे सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, धोका नाही, पण जाणारही नाही. वर्षभर मी ते लपवलं. लग्नाकार्यात चहा नको म्हणायचो. बँकेत सही करायची असली, की गर्दी ओसरेपर्यंत थांबायचो. ज्या हातानं उभी नोकरी सॅल्यूट केला, तो चारचौघांत हलतो याची लाज वाटायची.

एकदा नातीबरोबर तिच्या रंगपेटीतून पेरूचं पान रंगवलं. ती म्हणाली, "आबा, माझं पान प्लास्टिकचं वाटतंय. तुमचं झाडावरचं आहे." माझी कड वाकडी आली होती. खऱ्या पानाची कड तरी कुठे सरळ असते?

आता कामाचं बोलू. फळं खिडकीशी ठेवा, उजेड एकाच बाजूनं येऊ द्या. कागद ३०० जीएसएमचा घ्या, पातळ कागद पाण्यानं फुगतो. पेन्सिल अगदी फिकी चालवा. हात हलत असेल तर कोपर टेबलावर टेका, करंगळी कागदावर ठेवा आणि १२ नंबरचा गोल ब्रश वापरा.

पेरूवर आधी पातळ पिवळा लावा, पण चकाकीची जागा कोरी सोडा. पिवळा ओला असतानाच सावलीच्या बाजूला हिरवा सोडा. तो आपोआप पसरतो, तिथे स्थिर हात लागतच नाही. पानांसाठी तयार हिरवा नको. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन मिसळा, त्यात किंचित बर्न्ट सिएना घाला. पान अर्धवट वाळलं की स्वच्छ, ओलसर ब्रशनं शिरा उचला. सीताफळाचे सगळे डोळे काढू नका. उजेड आणि सावली जिथे भेटतात, तिथले पाचसहा पुरेत.

कोरी जागा मात्र सांभाळा. पारदर्शक जलरंगात उजेड कागदाचाच असतो, एकदा झाकला की पुरता परत मिळत नाही. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आहे. तेही जलरंगातलंच. संधी मिळाली तर त्यासमोर पाच मिनिटं उभे राहा.

माझं चित्र काही मोठं नाही. सीताफळाखालची सावली गढूळ झाली, कारण रंग वाळायच्या आत मी ती दुरुस्त करायला गेलो. चूक शोधून लगेच नीट करायची जुनी सवय, दुसरं काय! पण खाली सही केली, घरच्या सगळ्यांसमोर. वाकडी आली, तशीच ठेवली.

तुमच्यापैकी कुणाचा हात हलत असेल, तर उद्या सकाळी एक पेरू आणि दोन पानं खिडकीशी ठेवा. रंगवून झालं की सही करायला विसरू नका.