लोखंड, जोड आणि पिलू पोचखानवाला

(रेवदंडा येथील वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या अलिबाग तालुक्याला शिल्प नवं नाही. सासवण्याचे विनायकराव करमरकर आपलेच. पुण्यातला शिवछत्रपतींचा १९२८चा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्यांच्या कामात आपण आधी ओळख शोधतो: महाराज, घोडा, कोळीण. आज मात्र अशा शिल्पकर्तीबद्दल बोलायचं आहे, जिच्या कामात ओळखीचं माणूस सापडेलच असं नाही. त्या म्हणजे मुंबईच्या पिलू पोचखानवाला.

जन्म १९२३चा. शिक्षण वाणिज्य शाखेचं, काम जाहिरात क्षेत्रातलं. १९५१मध्ये युरोपला गेल्या, तिथली शिल्पं पाहिली आणि परत आल्यावर शिल्पकार एन. जी. पानसरे यांच्याकडे धडे घेतले. सुरुवात मानवाकृतींपासून झाली. लाकूड, शिसं, सिमेंट असं करत त्या भंगारातल्या लोखंडापर्यंत पोचल्या.

हे तुकडे जोडायचे ते वेल्डिंगने, आणि वेल्डिंग तुम्हाला परकं नाही. साळावचा लोखंडाचा कारखाना खाडीपलीकडेच आहे. फॅब्रिकेशनवाला जोड घासून गुळगुळीत करतो, कारण गेट विकायचं असतं. शिल्पकाराला जोड झाकलाच पाहिजे असं नाही. दोन तुकडे कुठे भेटले, कोणता कोणाचा भार पेलतो, हे डोळ्यांना दिसू देता येतं. मधली पोकळीही आकाराइतकीच बोलते.

पुढे त्यांनी ॲल्युमिनियमचे प्रयोग केले. थर्मोकोल कापून आकार करायचा, तो वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्या उष्णतेपुढे थर्मोकोल जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. साचा एकदाच वापरता येतो, त्यामुळे चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून कापायला बसायचं.

अमूर्त शिल्पासमोर ‘हे आहे तरी काय?’ असं विचारून आपण निघून जातो. त्याऐवजी भोवती एक फेरी मारा. वजन कुठे आहे, तोल कशावर आहे, ऊन कुठून आत शिरतं, एवढं पाहिलं तरी पुरे.

पिलूबाई फक्त स्वतःच्या कामापुरत्या राहिल्या नाहीत. मुंबईतल्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व्हावं म्हणून त्या झटल्या. १९८६मध्ये त्या गेल्या. संग्रहालय १९९६मध्ये उघडलं. आणि हाजी अलीच्या चौकातलं त्यांचं ‘स्पार्क’ हे शिल्प? ते तिथून काढलं गेलं.

इथे माझी एक विनंती आहे. उद्या रेवदंड्याच्या नाक्यावर कुणी असं शिल्प उभारायचं ठरवलं, तर ठरावात दोन ओळी जरूर घाला: खाऱ्या वाऱ्यापासून जपण्यासाठी दरवर्षी रंग कोण देणार, आणि रस्ता रुंद झाला तर शिल्प कुठे जाणार. उद्घाटनाचा नारळ त्यानंतरच फोडा.