तोरणमाळचा चढ आणि आपला आजचा आकडा



नंदुरबार जिल्ह्यातल्या तोरणमाळचा घाट एकदा तरी सायकलवर चढावा, ही इच्छा आपल्याकडच्या सायकलस्वाराला कधी ना कधी होतेच. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार पाडली. त्यांचं नाव घेऊन सराव सुरू करणाऱ्या मुलांसाठी आज मी एकच विषय घेतला आहे. सरावाचे झोन, म्हणजे तीव्रतेच्या पातळ्या, एकदा ठरवून तसेच वापरत राहणं चुकीचं का, एवढाच.

जर्मनीच्या उलरिश शोबरर यांनी १९८६ च्या सुमारास सायकलवर बसवता येणारा पॉवर मीटर तयार केला आणि पायातली ताकद वॅटमध्ये मोजता येऊ लागली. पुढे अँड्र्यू कॉगन यांनी एफटीपीवर आधारलेले सात झोन मांडले. एफटीपी म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी जास्तीत जास्त ताकद. प्रत्यक्षात वीस मिनिटं जीव तोडून सायकल मारतात आणि त्या सरासरीचे ९५ टक्के धरतात. या एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्क्यांत दमसास वाढवण्याचा लांब सराव, ७६ ते ९० मध्ये टेम्पो, ९१ ते १०५ मध्ये थ्रेशोल्ड, १०६ ते १२० मध्ये दम उखडवणारे चार-पाच मिनिटांचे तुकडे. म्हणजे सगळी इमारत एका आकड्यावर उभी आहे, आणि तो आकडा हलता आहे.

समजा, दिवाळीत एखाद्या मुलीचा एफटीपी १८० वॅट होता. तिचा थ्रेशोल्ड झोन १६४ ते १८९. हिवाळाभर नेटाने सराव करून ती २१० वर पोचली. आता तेच १६४ ते १८९ वॅट तिच्या नव्या ताकदीच्या ७८ ते ९० टक्के झाले, म्हणजे निव्वळ टेम्पो. वहीत ती 'थ्रेशोल्ड' लिहिते आहे, शरीर मात्र ते काम करतच नाही. मग प्रगती थांबते आणि दोष जिद्दीला दिला जातो. उलट बाजू जास्त धोक्याची. टायफॉइडने किंवा परीक्षेमुळे महिना-दीड महिना सायकल सुटली आणि ती पुन्हा १८० वर आली, तर जुन्या हिशेबातले २०० वॅट तिला १११ टक्के पडतात. ते वीस मिनिटं रेटायला सांगणं हा तिच्यावर अन्याय आहे.

पण आकडा बदलण्याची घाईही नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, नाडी वाढते आणि वॅट घसरतात. तेवढ्यावरून तंदुरुस्ती गेली असं समजू नये. सराव पहाटे घ्या आणि चाचणीही त्याच वेळी, त्याच पद्धतीने, त्याच मीटरवर. एका मीटरवरून दुसऱ्यावर गेलात तर दोन-चार टक्क्यांचा फरक यंत्राचाच असू शकतो. पाच वॅटने आकडा हलला म्हणून सगळे झोन पुन्हा मांडायची गरज नसते.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाने अशी चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. नुसत्या वाहकाला एरवी बहुधा काही त्रास नसतो. पण कडक ऊन, अंगातलं पाणी कमी झालेलं आणि एकदम जीव तोडून केलेले श्रम एकत्र आले तर स्नायूंना गंभीर इजा होऊन, क्वचित का होईना, जिवावर बेतू शकतं. मुलाला चाचणीला बसवण्याआधी त्याची सिकलसेल तपासणी झाली आहे का, हे प्रशिक्षकाने विचारलंच पाहिजे.

पॉवर मीटर महाग आहे, हे मला ठाऊक आहे. पण घाट आपल्या दाराशी आहे आणि गणित शाळेतलंच आहे. सायकलसह तुमचं वजन ८० किलो आणि घाटाच्या एका टप्प्यात ३०० मीटर उंची चढलात, असं धरा. तीस मिनिटं लागली तर नुसत्या चढाला सुमारे १३१ वॅट लागले. सव्वीस मिनिटांत चढलात तर १५१. वारा आणि रस्त्याचं घर्षण यांचे वॅट वेगळे, पण टप्पा तोच, वजन तेवढंच आणि हवा शांत असेल तर तुलना पक्की होते.

नवशिक्याने सहा ते आठ आठवड्यांनी, मुरलेल्याने हंगामात दोन-तीनदा चाचणी घ्यावी. आजारपणानंतर मात्र पूर्ण बरं वाटल्यावर आठवडाभर हलकी सायकल चालवावी आणि मगच. माझी विनंती एवढीच, की वहीत एफटीपी लिहाल तेव्हा शेजारी तारीख, वेळ आणि त्या दिवशीचं तापमानही लिहा.