टेकू कुठे आहे?



आठवीत सरांनी मीटरपट्टी पेन्सिलीवर तोलून दाखवली होती. एका बाजूला 10 सेंमीवर दोन खोडरबर, दुसऱ्या बाजूला 20 सेंमीवर एक. आकडे मांडण्याआधी सर विचारायचे, "टेकू कुठे आहे?" आपण मागच्या बाकांवर त्यांची नक्कल करायचो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बाबा आकाशकंदील लावायला शिडीवर चढले. भिंतीशी कुंड्या होत्या, म्हणून शिडीचा पाय मी लांब ठेवला. फरशी नुकतीच धुतलेली. बाबा अर्ध्यावर पोचले तरी शिडी हलली नाही. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, मी बाजूला झाले. बाबा आणखी चार पायऱ्या चढले आणि शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं.

त्या रात्री दवाखान्यात बिलाच्या पाठीवर मी आकृती काढली. 5 मीटर शिडी, पाय भिंतीपासून 3 मीटर, टोक 4 मीटर उंच. शिडीचं वजन 200 न्यूटन, बाबांचं 600. भिंत गुळगुळीत धरली. टेकू कुठे? शिडीच्या पायाशी. तिथून टॉर्क मोजला की जमिनीचा आधार आणि घर्षण, दोन्ही अज्ञात बलं गणितातून बाहेर पडतात. उरतो फक्त भिंतीचा रेटा. बाबा मध्यावर असताना तो 300 न्यूटन, सहापैकी पाच हिस्से वर गेल्यावर 450. तेवढंच घर्षण पायाशी लागतं. जमिनीवरचा भार मात्र 800 न्यूटनच राहतो, म्हणजे फरशी देऊ शकेल त्या घर्षणाची मर्यादा वाढत नाही. अर्ध्यावर शिडी टिकली, यावरून वर टिकेल असं मी धरलं, तिथेच चुकले.

पाय 1.4 मीटरवर असता तर त्याच पायरीला 175 न्यूटन पुरले असते. कुंड्या हलवायला पाच मिनिटं लागली असती. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी याच गणितात मला पैकीच्या पैकी मार्क होते.

बाबा आता काठी घेऊन चालतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. अंगणात भिंतीपासून 1.4 मीटरवर मी रंगाची रेघ मारली आहे. गेल्या दिवाळीत मुलगा शिडीवर चढला. मी फोन घरात ठेवून शिडी धरली. बाबा खुर्चीतून म्हणाले, "रेघ बघितलीस ना?"

सर, तुमचा प्रश्न उशिरा कळला, पण आता आमच्या घरी तो रोज विचारला जातो. नकलेबद्दल माफ करा.