साठ माणसांचा अंदाज
(रेडिओवरील भाषण)



जानेवारी उजाडला की सोलापुरात घरोघरी एकच विषय निघतो : यात्रेला कोण कोण येणार? सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, आपला गड्डा. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि बाहेरगावचे नातेवाईक पिशव्या घेऊन दारात येतात. मग त्या तीन-चार दिवसांतली एखादी संध्याकाळ ठरते. गच्चीवर सतरंज्या अंथरायच्या, सगळ्यांनी मिळून जेवायचं. आचारी नाही, कार्यालय नाही, पत्रिका नाही. पण साठ माणसं जेवणार असतात आणि घरातली बाई पिठाच्या डब्यापाशी उभी राहून मनाशी विचारते, किती घेऊ?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा भीती देते. कमी पडलं तर काय, म्हणून आपण किलोभर तांदूळ जास्त घेतो. सासूबाई येऊन त्यात दोन वाट्या घालतात. जाऊ म्हणते, राहू द्या, असू द्या, आणखी थोडे. प्रत्येकीच्या मनात माया असते. पण तीन जणींची काळजी एकाच पातेल्यात पडते आणि रात्री ते पातेलं अर्धं भरलेलं राहतं.

म्हणून पहिलं काम माणसं मोजण्याचं, आणि मोजायची ती ताटांच्या हिशेबानं. समजा, ६० जण येणार आहेत. त्यात १४ लहान मुलं असतील, तर त्यांची ७ ताटं धरा. ८ आजी-आजोबा असतील, तर त्यांची ६. उरलेली ३८ मोठी माणसं, त्यांची ३८. बेरीज झाली ५१. कुणी सोबत आणखी एखाद्याला घेऊन येतोच, म्हणून वर चार ताटं धरा. ५५ ताटांचा स्वयंपाक, ६० माणसांना पोटभर पुरतो.

दुसरं काम, येणारी माणसं कोणत्या घरची आहेत ते आठवण्याचं. आपलं सोलापूर अनेक भाषांचं गाव. पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मैत्रिणी घरच्यांसह येणार असतील, तर भात जरा जास्त लागतो. अक्कलकोटकडचे, विजापूरकडचे पाहुणे असतील, तर ते भाकरीवर जेवतात, भात शेवटी चमचाभर घेतात. यादी हातात घेतली की हे पाच मिनिटांत लक्षात येतं. वाण्याकडे जायच्या आधीची ही पाच मिनिटं फार मोलाची.

आता मापं सांगते. घरी मोठा स्वयंपाक करून करून हाताला बसलेली ही मापं आहेत. जेवणात भाकरी, भाजी, आमटी असेल, तर भातासाठी माणशी ६० ग्रॅम तांदूळ पुरतो. ५५ ताटांना सव्वातीन-साडेतीन किलो. नुसता मसालेभातच मुख्य असेल, तर माणशी १०० ग्रॅम धरा. भरल्या वांग्यांची लहान काटेरी वांगी किलोत २० ते २४ बसतात. माणशी अडीच वांगी या हिशेबानं साडेसहा-सात किलो आणावीत. आमटीला तूरडाळ दोन किलो. जोडीला पिठलं असेल, तर दीड किलो बेसन पुष्कळ झालं. एकाऐवजी दोन भाज्या केल्यात, तर प्रत्येक भाजी पूर्ण साठ जणांची करू नका. दोन तृतीयांश करा. ताटात जागा तेवढीच असते, पोटातही. ताकासाठी ५ लिटर दही घुसळून १५ लिटर ताक होतं, म्हणजे ७५ पेले.

मीठ-तिखटाला मात्र हा गुणाकार लावू नका. चार माणसांच्या आमटीचं मीठ पंधरापट केलं, तर आमटी खारट होऊ शकते. हिशेबाच्या दोन तृतीयांश मीठ आणि तिखट आधी घालावं, उकळी आली की चव बघावी, मग उरलेलं चिमटीचिमटीनं.

आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट. अंदाज थोडाफार चुकतोच. सुगरणीचाही चुकतो. तेव्हा ती चूक कोणत्या पदार्थात होऊ द्यायची, एवढं आपण आधी ठरवून ठेवावं. जो पदार्थ टिकतो, त्यात हात सैल सोडावा. जो टिकत नाही, त्यात हात आखडता घ्यावा.

आणि या बाबतीत सोलापूरच्या बायकांसारखं भाग्य कुणाचं नाही. आपली कडक भाकरी बघा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजून मंद आचेवर वाळवायची, की पापडासारखी कुरकुरीत होते. कोरड्या डब्यात कितीतरी दिवस राहते. शेंगाचटणीचंही तेच. खलबत्त्यात कुटून कुटून दाण्याचं तेल सुटलेली चटणी आठवडेच्या आठवडे टिकते. शेंगापोळी प्रवासात नेतात ती याच गुणामुळे. म्हणून मी गरम भाकऱ्या माणशी एकच धरते. किलोभर पिठाच्या दहा-अकरा होतात, तेव्हा पाच किलो पीठ भिजतं. कडक भाकऱ्यांची मात्र ८०-९० ची चळत मांडते. किलोभर चटणी पुरत असली तरी दीड किलो कुटते. दहा माणसं अचानक वाढली, तरी कुणी उपाशी उठत नाही. आणि कुणी आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भाकऱ्या गरम आमटीत चुरून घरची माणसं आवडीनं खातात.

न टिकणाऱ्या पदार्थात हात आखडता घ्यावा, हे मला एका चैत्रात कळलं. घरात बारसं होतं, ८० माणसं. पुरी-भाजी होती, श्रीखंड होतं, तरी मी मसालेभाताला ८ किलो तांदूळ घातले. रात्री दहाला निम्मा भात तसाच. थकवा आला होता, सकाळी कुणाला तरी देऊ म्हणून झाकण ठेवलं आणि निजले. सोलापूरचा उन्हाळा, रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या. सकाळी झाकण उचललं तर आंबूस वास, आणि शितं बोटाला चिकट. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ओंजळभर भात हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ काढला होता. ज्वारीच्या या मुलखात ज्वारी मिळत नव्हती. परदेशातून आलेली लाल मिलो रांगेत उभं राहून आणायची, दुष्काळी कामावर खडी फोडायची, पोरांना सुकडी खाऊ घालायची, असे ते दिवस. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी सरकारी कोठार उघडलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आलेल्याला पोटभर वाढणं आणि दाणा वाया न घालवणं, दोन्ही शिकवणी या एकाच मातीतल्या. नीट अंदाज करणारी बाई या दोन्हींचा मान राखते.

बारशाच्या त्या दिवसापासून घरात दोन नियम आहेत. पहिला, भात एकदम शिजवायचा नाही. निम्मा आधी, आणि पहिली पंगत बसली की उरलेल्याचं आधण ठेवायचं. तांदूळ धुऊन तयार असतात. गरज नसेल तर निथळून, पसरून वाळवले की उद्या चालतात. दुसरा नियम, उरलेलं गरम असतानाच द्यायचं. शिजलेलं अन्न तास-दोन तासांवर बाहेर राहू द्यायचं नाही. कुणाला द्यायचं, हे दुपारीच विचारून ठेवलेलं असतं. रात्री साडेनऊला डबे भरून निघतात.

आणि एक वही. सासूबाईंनी बारशानंतर आठ दिवसांनी मला बाजारातून आणायला लावली. प्रत्येक जेवणाला तिच्यात तीनच गोष्टी लिहायच्या : किती जेवले, किती शिजवलं, किती उरलं. सणाचं नाव आणि महिना वर. उन्हाळ्यात माणसं भात कमी आणि ताक जास्त घेतात, थंडीत भाकरी मागून घेतात, हे त्या वहीनं मला शिकवलं. तुम्हीही या यात्रेपासून अशी वही घाला. तुमच्या माणसांची भूक कोणत्याही पुस्तकापेक्षा तिच्यात खरी उतरेल.

त्या वहीच्या पहिल्या पानावर सासूबाईंच्या अक्षरात एकच ओळ आहे. बारसं, चैत्र, ८० माणसं, तांदूळ ८ किलो, ५ चालले असते. त्या ओळीनंतरची पानं मी भरत आले. मागच्या गड्ड्याच्या जेवणाची नोंद अशी : ६२ जेवले, भात दोन वाट्या उरला, कडक भाकऱ्या १९ उरल्या. सकाळी न्याहारीला त्या संपल्या.