एक आडनाव, दोन घराणी



एसटीत दोन पाटील शेजारी बसले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाटील म्हणजे कुठले?" पाटील हा मुळात हुद्दा, त्यावरून नातं कळत नाही. आज अशाच एका आडनावाच्या दोन पक्ष्यांविषयी बोलतो. आडनाव आहे, खाटीक.

पहिला राखी खाटीक. शहराबाहेरच्या उघड्या माळावर बाभळीच्या शेंड्यावर किंवा तारेवर एकटाच बसलेला असतो. लांबी साधारण 25 सेंटिमीटर, अंग राखाडी, पंख काळेपांढरे आणि डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी. चोच ससाण्यासारखी आकडेदार, पण पंजांत ससाण्याचा जोर नाही. मग नाकतोडा किंवा सरडा धरून ठेवायचा कसा? तो सरळ बाभळीच्या काट्यात खोचायचा आणि लचके तोडायचे. उरलेलं तिथंच लटकत राहतं. दुकान मांडल्यासारखंच! 1832 साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांत त्याची नोंद केली आणि 'लहटोरा' हे देशी नावच शास्त्रीय नावात घातलं.

दुसरा रानखाटीक. हा गौताळ्यासारख्या पानगळीच्या जंगलातला. बुलबुलापेक्षा लहान, मातकट, डोळ्यावर फिकट भुवई. जोडीनं किंवा चार-सहांच्या टोळीनं पानं धुंडाळत किडे टिपतो, मऊ शीळ घालतो. काट्यावर काही खोचत नाही. घरटं दुबेळक्यात, सालीच्या तंतूंचं, कोळिष्टकांनी सांधलेलं. खालून पाहिलं तर फांदीची गाठच वाटावी.

मग याला खाटीक का म्हणायचं? चोचीच्या आकड्यामुळे. पण डीएनएनं वेगळीच वंशावळ काढली. राखी खाटीक निघाला कावळ्यांच्या भावकीतला. रानखाटकाचे सोयरे मात्र समुद्रापार, मादागास्करचे वांगा आणि आफ्रिकेतले झुडूप-खाटीक. तेही नावापुरतेच खाटीक.

किडा घट्ट पकडायचा तर आकडा हवा. तो दोन्ही घराण्यांनी आपापला घडवला. आपण आकडा पाहिला आणि आडनाव देऊन मोकळे झालो.

तेव्हा यापुढे खाटीक दिसला, की पाटलांना विचारतो तसं विचारा, कुठले? माळावरचे, की रानातले?