घरात आजार कोणी आणला?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. “नुसते आभार मानू नका, काहीतरी सांगा,” असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले.

माझे माहेर सांगलीकडचे. मार्च २०२० मध्ये तिकडे इस्लामपुरात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबातील चौघांना कोरोना झाल्याचे कळले आणि महिनाअखेरपर्यंत त्यांच्या नात्यागोत्यातील वीसहून अधिक माणसे बाधित निघाली. तिथे आरंभ ठाऊक होता, म्हणून माग लागला. मे २०२१ मध्ये आमच्या साताऱ्याच्या घरी आजार शिरला, तेव्हा मात्र गावभर साथ होती. माग कुणाचा काढणार?

आता थोडे शास्त्र. या विषाणूच्या पोटात सुमारे ३०,००० अक्षरांचा एक मजकूर असतो. विषाणू वाढतो तेव्हा त्याची नक्कल होते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. हळदीच्या लोणच्याची कृती उतरवताना एकीने ‘पाव किलो’चे ‘सव्वा किलो’ केले, तर तिच्या वहीवरून उतरवणाऱ्या सगळ्यांच्या वहीत सव्वा किलोच! (असे लोणचे कोणाचे झाले होते, ते सांगत नाही.) अशा चुका ताडून कोणाचा विषाणू कोणाच्या जवळचा, हे प्रयोगशाळेत पाहता येते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने या कामासाठी प्रयोगशाळांचा एक संघ उभारला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यात होती.

पण अशा टिकणाऱ्या चुका महिन्याला सरासरी दोनच. आणि आजार एकाकडून दुसऱ्याकडे जायला चारपाच दिवस पुरतात. त्यामुळे एका घरातल्या माणसांचे मजकूर पुष्कळदा अगदी सारखे निघतात. दोन मजकुरांत बरेच भेद असले, तर ‘हिने तिला दिला नाही’ हे बहुधा ठामपणे सांगता येते. ‘हिनेच दिला’ हे मात्र नुसत्या मजकुरावरून सांगता येत नाही. शिवाय ताप आधी आला तीच पहिली, असेही नाही. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकते.

आमच्या सासूबाई त्यात गेल्या. धाकटी जाऊ परिचारिका. त्या दिवसांत रोज कामावर जायची. ताप प्रथम तिलाच आला, आणि तेराव्याच्या आतच मी तिला म्हणाले, “तूच आणलंस घरात.” त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः दोनदा रेशनच्या रांगेत उभी होते, ते मला आठवलेसुद्धा नाही. आमच्यापैकी कोणाच्याही नमुन्याचे असे वाचन झाले नाही, आणि ते नमुने आता कुठले राहायला! झाले असते आणि तिचा मजकूर निराळा निघाला असता, तर ती सुटली असती. सारखा निघाला असता, तरी दोष सिद्ध झाला नसता. मी न वाचताच निकाल देऊन बसले.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. घरी हे बोलायला माझी जीभ रेटली नाही. माझं चुकलं, बाई.